दोन शीट प्लायवूडची होडी

ऑप्टिमिस्ट ही एका मुलाने एकट्याने चालवायची शिडाची छोटी होडी आहे. तिची लांबी सुमारे २.३६ मीटर, रुंदी १.१३ मीटर आणि डोलकाठी व शीड सोडून वजन ३५ किलो. शीड एकच, तेही साधारण ३.३ चौरस मीटरचे. पाणी कापत जाणारी टोकदार नाळ तिला नाही. त्या जागी सरळ उभी फळी आहे, त्यामुळे समोरून पाहिल्यास ती होडीपेक्षा खोक्यासारखी दिसते. १९४७ साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या क्लिअरवॉटर या किनाऱ्यावरच्या गावात तिचा जन्म झाला. आज ती शंभराहून अधिक देशांत वापरली जाते आणि अधिकृत नोंद झालेल्या ऑप्टिमिस्टची संख्या दीड लाखाच्या वर आहे. इतक्या छोट्या होडीचा एवढा प्रसार होण्याची कारणे मुख्यतः दोन: ती स्वस्तात बनावी असा हेतू आरंभापासून होता आणि तिच्यात मोठ्या माणसाला जागाच नव्हती.

मुलांसाठी वेगळी शीडहोडी असावी ही कल्पना त्याआधीची आहे. न्यूझीलंडमध्ये हॅरी हायेट यांनी १९२० मध्ये सुमारे सात फूट लांबीची पी-क्लास ही एकट्या मुलाची होडी तयार केली होती आणि त्या देशातल्या अनेक पिढ्या तिच्यावर शिकल्या. पण बहुतेक ठिकाणी हौशी नौकानयनातली मुले थोरांच्या होडीवरच शिकत. दोर ओढणे, पाणी उपसणे, सांगितल्यावर बाजू बदलून बसणे ही कामे त्यांच्याकडे असत. सुकाणू मात्र मोठ्यांच्या हातात राही. याचे एक कारण पैसा हे होते. जुन्या पद्धतीची होडी आतल्या वाकवलेल्या फासळ्यांवर एकेक फळी बसवून बांधावी लागे. त्यासाठी चांगले लाकूड, कसलेला कारागीर आणि भरपूर वेळ लागत असे. केवळ मुलाच्या शिकण्यासाठी एवढा खर्च थोड्याच घरांना परवडे.

दुसऱ्या महायुद्धाने या परिस्थितीत एक महत्त्वाचा बदल केला. पाण्यात न सुटणारे गोंद आणि त्यांनी चिकटवलेले प्लायवूड युद्धकाळात मोठ्या प्रमाणावर वापरले गेले आणि युद्धानंतर ते सर्वसामान्य बाजारात आले. प्लायवूडचा सपाट शीट घरातल्या करवतीने कापता येतो, बेताने वाकवता येतो आणि स्क्रू व गोंदाने जोडता येतो. पिढीजात कारागिरीची जागा नीट आखलेल्या नकाशाने घ्यावी, इतके हे काम सोपे झाले. या बदलाचा फायदा अटलांटिकच्या दोन्ही काठांवर घेतला गेला. इंग्लंडमध्ये १९४७ मध्येच ‘यॉटिंग वर्ल्ड’ मासिकासाठी जॅक होल्ट यांनी कॅडेट ही मुलांची प्लायवूडची होडी आखली. कॅडेटवर दोन मुले बसतात आणि तिला तीन शिडे आहेत. क्लिअरवॉटरमध्ये त्याच वर्षी तयार झालेली होडी याहून कितीतरी साधी होती.

क्लिअरवॉटरमधल्या घटनाक्रमाची सुरुवात पाण्यावर नव्हे, रस्त्यावर झाली. उतारावरून विनाइंजिनाच्या, स्वतः बनवलेल्या गाड्या सोडण्याच्या मुलांच्या शर्यती अमेरिकेत १९३० च्या दशकापासून लोकप्रिय होत्या. रोटरी किंवा लायन्स यांच्यासारखीच ऑप्टिमिस्ट नावाची एक सेवाभावी क्लबांची संघटना आहे आणि मुलांसाठी उपक्रम चालवणे हे तिचे मुख्य काम. तिच्या क्लिअरवॉटर शाखेने गावात अशीच शर्यत सुरू केली होती. फ्लोरिडा हा संत्र्यांचा प्रदेश असल्याने गाड्यांना संत्र्यांच्या खोक्यांचे नाव मिळाले. प्रत्येक गाडीचा थोडासा खर्च गावातला एखादा दुकानदार उचलत असे. या उपक्रमातली उणीव मेजर क्लिफर्ड मॅके यांच्या लक्षात आली. आठवडेच्या आठवडे खपून केलेली गाडी एका दुपारच्या शर्यतीनंतर कोपऱ्यात पडून राही. क्लिअरवॉटरच्या समोर मात्र उथळ, उबदार पाण्याचा उपसागर बारा महिने उपलब्ध होता. तेवढ्याच खर्चात मुलाने शिडाची होडी बनवली, तर ती वर्षभर वापरता येईल, असा मॅके यांचा प्रस्ताव होता. क्लबला तो पटला.

आराखड्याचे काम क्लार्क मिल्स या स्थानिक होडी-बांधणाऱ्याकडे आले. १९१५ मध्ये जन्मलेले मिल्स तेव्हा तिशीत होते. त्यांच्यापुढच्या अटी स्पष्ट होत्या. होडीचा खर्च पन्नास डॉलरच्या आत बसला पाहिजे, साध्या हत्यारांनी बाप-लेकाला ती घरी बनवता आली पाहिजे आणि दहा-बारा वर्षांच्या मुलाला ती एकट्याने सांभाळता आली पाहिजे. यातल्या पहिल्या अटीने होडीचा आकार ठरवला. प्लायवूडचा प्रमाणित शीट आठ फूट लांब आणि चार फूट रुंद असतो. महाराष्ट्रातले सुतारही तो ‘आठ बाय चार’ म्हणूनच मागतात. मीटरमध्ये हे माप २.४४ बाय १.२२ होते. ऑप्टिमिस्टची मापे याच्याशेजारी ठेवली की गणित उलगडते: होडीची लांबी शीटच्या लांबीपेक्षा आठ सेंटिमीटर कमी आणि रुंदी शीटच्या रुंदीपेक्षा नऊ सेंटिमीटर कमी. होडीचा तळ, दोन बाजू आणि पुढची-मागची फळी हे सर्व दोन शीटमध्ये बसवायचे होते. सांधा देऊन शीट लांब करणे म्हणजे जास्तीचे लाकूड आणि जास्तीचे कौशल्य. मिल्स यांनी तो मार्ग टाळला.

खोक्यासारखे तोंड हाही त्याच गणिताचा परिणाम. नाळ टोकदार करायची तर दोन्ही बाजूंच्या फळ्या पुढे एकत्र आणाव्या लागतात. आठ फुटांच्या मर्यादेत तसे केले असते तर पुढचा तीन-चार फुटांचा भाग निमुळता होऊन वाया गेला असता. मुलाच्या बसण्याला जागा उरली नसती आणि होडी पुढच्या बाजूने बुडण्याकडे झुकली असती. बोथट तोंडामुळे रुंदी जवळजवळ शेवटपर्यंत टिकते. रुंद, सपाट तळाची होडी कमी कलते, आणि कलली तरी सहज उलटत नाही. वेगाच्या दृष्टीने जे वैगुण्य, ते शिकणाऱ्याच्या दृष्टीने संरक्षण ठरले. पहिली होडी मिल्स यांनी दीड दिवसात बांधल्याचे सांगितले जाते. क्लबच्या नावावरून तिचे नाव ऑप्टिमिस्ट, म्हणजे आशावादी, असे पडले. मिल्स यांनी आराखडा क्लबला देऊन टाकला, त्यावर मानधनाचा हक्क ठेवला नाही. पुढच्या प्रसारात या निर्णयाचा वाटा मोठा आहे, कारण कोणत्याही गावातल्या क्लबला किंवा पालकाला होडी बनवण्यासाठी परवानगी विकत घ्यावी लागली नाही. क्लिअरवॉटरच्या दुकानदारांनी गाड्यांप्रमाणेच होड्यांचाही खर्च उचलला आणि त्यांची नावे होड्यांवर झळकू लागली.

होडीची शीडव्यवस्थाही याच काटकसरीतून आली आहे. तिला स्प्रिट म्हणतात. आखूड डोलकाठी पुढच्या भागात उभी असते. शिडाची खालची कड बूम या आडव्या काठीला बांधलेली असते. स्प्रिट ही तिसरी, तिरकी काठी डोलकाठीच्या खालच्या भागापासून निघून शीड ओलांडत त्याच्या वरच्या मागच्या कोपऱ्याला उचलून धरते. ही रचना युरोपातल्या जुन्या मालवाहू होड्यांत शतकानुशतके वापरात होती. तिचा फायदा असा की उंच डोलकाठीची गरज उरत नाही. तिन्ही काठ्या होडीच्या लांबीत मावतात, होडीतच टाकून नेता येतात आणि पाण्यात उलटल्यावर वरचे ओझे कमी असल्याने होडी लवकर सरळ होते. तळाच्या मधल्या खाचेतून एक सरळ फळी पाण्यात सरकवतात, तिला डॅगरबोर्ड म्हणतात. वारा होडीला बाजूला ढकलत असताना ही फळी ते घसरणे रोखते, म्हणूनच होडी वाऱ्याच्या उगमाच्या दिशेने तिरकी चढत जाऊ शकते. मागे सुकाणू, आणि हातात शिडाचा दोर. चालवण्याची साधने एवढीच.

किनाऱ्यावर शीड बांधतानाच मुलाचा धडा सुरू होतो. शीड डोलकाठीला सरकत्या कड्यांनी नव्हे, तर छोट्या दोरीच्या तुकड्यांनी बांधलेले असते आणि प्रत्येक गाठ मुलाने स्वतः मारायची असते. डोलकाठी आणि शीड यांच्यातली फट १० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून मुले डोळे जवळ नेऊन ती तपासतात. मग स्प्रिटचा दोर ताणायचा. तो सैल राहिला तर शिडाच्या वरच्या पुढच्या कोपऱ्यापासून खालच्या मागच्या कोपऱ्याकडे एक सुरकुती पडते. जास्त ताणला तर उलट कर्णावर सुरकुती उमटते. वारा वाढला की ताण वाढवायचा, पडला की सैल करायचा. कापडावरच्या एका रेषेवरून वारा वाचायला दहा वर्षांचे मूल काही आठवड्यांत शिकते आणि पुढे कितीही मोठ्या होडीवर गेले तरी ही नजर त्याला उपयोगी पडते.

अमेरिकेबाहेर ही होडी नेण्याचे श्रेय डेन्मार्कच्या ॲक्सेल दामगार यांना दिले जाते. १९५४ च्या सुमारास त्यांनी तिची कल्पना मायदेशी नेली. आराखड्यात किरकोळ बदल झाले आणि डेन्मार्कमधून होडी स्कँडिनेव्हियाभर आणि तिथून उर्वरित युरोपात पसरली. प्रसार झाला तशी शर्यतींची गरज वाढली. वेगवेगळ्या देशांतली मुले एकत्र आल्यावर त्यांच्या होड्या सारख्या असणेही गरजेचे झाले. १९६२ मध्ये इंग्लंडमधील हॅम्बल येथे पहिली आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरली. १९६५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑप्टिमिस्ट डिंगी संघटना स्थापन झाली आणि डेन्मार्कचे विगो याकोबसेन तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९७३ मध्ये जागतिक नौकानयन संघटनेने ऑप्टिमिस्टला आंतरराष्ट्रीय वर्गाचा दर्जा दिला. शिडावर छापलेली आय आणि ओ ही दोन अक्षरे आज जगभर तिची ओळख आहेत.

याच काळात लाकडाची जागा फायबरग्लासने घेतली. साच्यात घडवलेली होडी दुरुस्तीला कमी लागते आणि एकसारख्या शेकडो होड्या निघतात, म्हणून क्लबांना ती सोयीची होती. पण तिने मूळ हेतूला धक्काही दिला. घरच्या सुताराने बनवलेल्या होडीत थोडाफार फरक राहतोच, म्हणून नियमांनी मापांत काही सूट ठेवली होती. साच्यावर काम करणाऱ्या कारखान्यांनी ती सूट वेगासाठी वापरायला सुरुवात केली. तळाची गोलाई किंचित इकडे, कड किंचित तिकडे, वजन कुठे ठेवायचे याचा विचार, अशा प्रयोगांतून महागडी ‘वेगवान’ ऑप्टिमिस्ट तयार होऊ लागली. परिणामी ज्याच्या पालकांना नवी होडी परवडते तो पुढे आणि जुन्या होडीवरचा मागे, अशी स्थिती निर्माण होत गेली. क्लिअरवॉटरमध्ये ज्या भेदाला उत्तर म्हणून ही होडी जन्मली होती, तोच भेद तिच्यात शिरत होता.

यावरचा उपाय १९९५ मध्ये झाला. त्या वर्षीपासून ऑप्टिमिस्ट काटेकोर एकसमान वर्गात गेली. सर्व उत्पादकांनी एकाच आराखड्यानुसार, ठरवलेल्या साहित्यात आणि ठरवलेल्या जाडीत होडी करायची, आणि तपासणीत मापे जुळली तरच तिला मान्यता मिळायची. त्यामुळे कोणत्याही कारखान्याची होडी दुसऱ्याच्या होडीपेक्षा मुळातून वेगवान राहिली नाही. अधिक किंमत मोजण्यातला फायदा संपला आणि कमी खर्चात उत्पादन करणाऱ्या देशांतल्या कारखान्यांनाही बाजार खुला झाला. शिडांमध्ये मात्र निवड ठेवली गेली, कारण तीस किलोच्या आणि पन्नास किलोच्या मुलाला सारख्याच फुगवट्याचे शीड चालत नाही. ऑप्टिमिस्टच्या इतिहासात जन्मानंतरचा सर्वात महत्त्वाचा निर्णय हाच मानावा लागेल, कारण त्याने मूळचा समान संधीचा हेतू नियमांत बांधून ठेवला.

वर्गाचे नियम मुलाच्या सुरक्षेबाबतही तितकेच काटेकोर आहेत. जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय पाण्यात उतरता येत नाही आणि त्या जाकिटाला शिटी बांधलेली असावी लागते. होडीत पाणी उपसायचे भांडे आणि एक वल्हे हवे. ओढून नेण्यासाठी पाण्यावर तरंगणारा, किमान आठ मीटर लांबीचा दोर होडीला पक्का बांधलेला हवा. होडीच्या आत हवेने फुगवलेल्या पिशव्या बसवलेल्या असतात, त्यामुळे ती पाण्याने भरली तरी बुडत नाही. सुरुवातीच्या काळातच मुलाला मुद्दाम होडी उलटवायला लावतात. उलटलेल्या होडीच्या बाजूला येऊन, पाण्याबाहेर आलेल्या डॅगरबोर्डवर वजन टाकून ती सरळ करायची, आत चढायचे आणि भांड्याने पाणी उपसत पुन्हा शीड धरायचे. प्रशिक्षक मोटारबोटीत जवळच असतो, पण हात मुलालाच चालवावे लागतात. एकदा हे जमले की मुलाच्या मनातली पाण्याची भीती बरीचशी ओसरते.

शर्यतींमध्ये पंधरा वर्षांपर्यंतचे मूल भाग घेऊ शकते. ज्या कॅलेंडर वर्षात वय पंधरा पूर्ण होते, ते ऑप्टिमिस्टवरचे शेवटचे वर्ष. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत प्रत्येक देशाकडून जास्तीत जास्त पाच मुले उतरतात आणि मुलगे व मुली एकाच शर्यतीत धावतात. सर्वाधिक गर्दीची स्पर्धा मात्र इटलीतल्या गार्डा सरोवरावर रीव्हा येथे ईस्टरच्या सुमारास भरते. २०१२ मध्ये तिथे १,०५५ होड्या उतरल्या आणि एकाच वर्गाच्या एवढ्या होड्यांच्या शर्यतीचा विक्रम नोंदला गेला. शर्यतीतल्या तंट्यांचा निवाडाही मुलांना शिकावा लागतो. एका होडीने दुसरीचा मार्ग अडवला तर तक्रार मुलानेच करायची, पंचांसमोर आपली बाजू स्वतः मांडायची आणि चूक असेल तर स्वतःहून दंडाची फेरी मारायची. ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदके मिळवलेले ब्रिटनचे बेन एन्स्ली आणि पाच पदके मिळवलेले ब्राझीलचे रॉबर्ट शाइट या दोघांचीही सुरुवात याच होडीवर झाली.

भारतात समुद्राशी मुलांचे नाते जुने आहे. कोकणातल्या कोळी, गाबीत, खारवी घरांतली मुले वडीलधाऱ्यांबरोबर होडीवर जात आणि वारा, भरती-ओहोटी, खडक यांचे ज्ञान तिथेच मिळवत. ते शिक्षण पोटाच्या उद्योगाचे होते. क्लबांमधले नौकानयन वेगळ्या वाटेने आले: मुंबईत १८४६ मध्ये स्थापन झालेल्या यॉट क्लबपासून त्याची परंपरा चालू आहे आणि स्वातंत्र्यानंतर नौदल व सैन्यदल हे तिचे मोठे आधार ठरले. १९६० मध्ये यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया ही राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धेतील नौकानयन मुंबई बंदरात झाले, पण त्यात मुलांची होडी नव्हती. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेपर्यंत चित्र बदलले होते. तिथे ऑप्टिमिस्टच्या मुलगे आणि मुलींच्या स्वतंत्र शर्यती होत्या.

आज देशात ऑप्टिमिस्ट दिसण्याची ठिकाणे मुंबईच्या किनाऱ्यापुरती मर्यादित नाहीत. मुंबईत जून ते सप्टेंबर समुद्र उधाणलेला असतो, त्यामुळे क्लबांचा हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होतो. हैदराबादच्या हुसेनसागर तलावावर मात्र पावसाळी वारे हीच पर्वणी असते आणि राष्ट्रीय पातळीची एक मोठी शर्यत तिथे जुलैमध्ये भरते. भोपाळच्या बड्या तलावावर मुलांना शिकवणारी शाळा आहे. गोव्यात मांडवीच्या काठी नौदलाच्या बॉइज स्पोर्ट्स कंपनीत साध्या घरांतून निवडलेली मुले राहून शिकतात. हैदराबादच्या क्लबने सरकारी शाळांतल्या, कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना होडीवर आणले आहे आणि त्यातून राष्ट्रीय विजेते घडले आहेत. ऑलिंपिकच्या नौकानयनात पात्र ठरलेली पहिली भारतीय महिला नेत्रा कुमनन हिने चेन्नईतल्या उन्हाळी शिबिरात वयाच्या बाराव्या वर्षी शिडाची होडी पहिल्यांदा हाती घेतली होती. नवी, मान्यताप्राप्त होडी भारतातल्या मध्यमवर्गीय घरालाही सहज परवडत नाही. म्हणून इथे होडी बहुधा मुलाची नसून संस्थेची असते आणि एकाच होडीवर अनेक मुलांचे हात तयार होतात.

या होडीवर टीकाही होत आली आहे. तिचा आराखडा पाऊणशे वर्षांचा आहे, ती जोरदार वाऱ्यातही फारशी पळत नाही आणि स्प्रिटची रचना आजच्या होड्यांत अन्यत्र जवळजवळ दिसत नाही. तरुण मुलांना अधिक वेगाचे आकर्षण असते, म्हणून गेल्या काही दशकांत मुलांसाठी हलक्या, पाण्यावर उसळत जाणाऱ्या नव्या होड्या आल्या आहेत. पण शिकण्याच्या दृष्टीने तिच्या मंदपणात फायदा आहे. चूक झाल्यावर ती ओळखायला आणि सुधारायला मुलाला वेळ मिळतो. शिवाय खेड्यातल्या तलावापासून समुद्रापर्यंत कोणत्याही पाण्यात ती चालते आणि वापरलेल्या होड्यांचा बाजार मोठा असल्याने जुनी होडी नव्या मुलाच्या हातात सहज जाते.

पंधराव्या वर्षी मूल ऑप्टिमिस्टमधून बाहेर पडते. त्यानंतर एकट्याने चालवायची लेझर गटातली छोट्या शिडाची होडी किंवा दोघांची ४२०, २९-ईआर अशा वर्गांकडे ते वळते. खुद्द क्लार्क मिल्स यांनीही ऑप्टिमिस्टमधून मोठ्या झालेल्या मुलांसाठी १९५३ मध्ये विंडमिल नावाची मोठी, टोकदार नाळेची होडी आखली होती, तीही घरी बनवता येईल अशी. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा पन्नास डॉलरच्या हिशेबातून निघालेले त्यांचे खोके जगभर पोहोचले होते. आजही नवीन होडी तपासताना तिची लांबी मोजली जाते तेव्हा ते माप आठ फुटांच्या प्लायवूड शीटच्या आतच बसते, मग ती फायबरग्लासची का असेना.